रोमन काइमची घोडी

या, असे पुढे सरकून बसा. कोट खुंटीला लावा, पोरांना मांडीवर घ्या. एका घोडीची गोष्ट सांगतो. ती ऐकून झाली की तुमच्याकडे एकच मागणे मागणार आहे, पण ते शेवटी. आधी घोडी.

तिचे नाव जूडी. काळीभोर, पर्शेरॉन जातीची, छाती गोठ्याच्या दाराएवढी आणि स्वभाव असा गरीब, की तिच्या चारी पायांमधून कोंबड्या दाणे टिपत फिरायच्या. ती आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक रोमन काइम यांची. पानगळीच्या दिवसांत रोमन देवाघरी गेले. हिवाळ्यात त्यांच्या जनावरांचा आणि अवजारांचा लिलाव झाला, तेव्हा जूडी अ‍ॅटली श्लाबाखकडे आली. रोमनची टेकडी उतरून ओढा ओलांडला की समोरच्या चढावर अ‍ॅटलीचे शेत. जूडीने घर बदलले, पण दरी तीच राहिली.

अ‍ॅटली बोलायला लाजरा. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा तो मनातल्या मनात जरा लवकरच उरकायचा. पण चौकस इतका, की कुणाचे घड्याळ बंद पडले की ते त्याच्याकडे जायचे, आणि चालू झाल्यावरही दोन-दोन आठवडे परत यायचे नाही. कारण ते चालू झालेले असे, पण बंद का पडले होते ते अ‍ॅटलीला अजून कळलेले नसे.

बॉब आणि डॅन हे त्याचे जुने तांबूस घोडे. त्यांच्या जोडीचा तिसरा म्हातारा झाला म्हणून जूडी घेतलेली. मार्च सरता सरता जमिनीला वाफसा आला. अ‍ॅटलीने तिघांना नांगराला जुंपले, वर बैठकीवर बसला आणि काम सुरू केले. जूडी ओढायला अशी, की बॉब-डॅनला लाज वाटावी. चढ लागला की मान खाली घालायची आणि एकसारखी चालत राहायची. नांगराचे तास सरळ पडत होते. अ‍ॅटलीच्या मनात आले, रोमननी काय घोडी घडवली आहे.

तिसऱ्या फेरीला वरच्या बांधावर त्याने घोडे थांबवले. चढाची जमीन, घोड्यांना दम खाऊ द्यावाच लागतो. नाकपुड्या शांत झाल्या, घाम जरा निवला. अ‍ॅटलीने जीभ टाळ्याला लावून चक्‌चक्‌ केले. बॉब-डॅनने गळपट्ट्यात खांदे घातले. जूडी जागची हलली नाही.

पुन्हा चक्‌चक्‌. नाव घेऊन हाक. लगाम हलकेच पाठीवर. जूडी उभी. अडेलपणाची एक खूण नाही, डोळे शांत, शेपटी शांत, फक्त कान मागे वळलेले. एखादी बाई दारात उभी राहून आतले बोलणे संपायची वाट बघते, तशी ती उभी होती. बराच वेळ गेला. शेवटी अ‍ॅटली खाली उतरला, तिचा लगाम धरून पुढे चालू लागला, तेव्हा ती नाइलाजाने निघाली. पुढच्या विसाव्याला पुन्हा तेच.

त्या दिवशी इतरांची दुपारपर्यंत जेवढी नांगरणी झाली, तेवढी अ‍ॅटलीची संध्याकाळपर्यंत झाली नाही.

कुंपणापलीकडून व्हर्नन बार्कमन हे बघत होता. व्हर्नन म्हणजे अ‍ॅटलीचाही शेजारी आणि रोमनचाही. दरीच्या तोंडाशी त्याचे शेत, दोन्ही टेकड्यांना लागून. वयाने अ‍ॅटलीपेक्षा मोठा, आवाजाने त्याहून मोठा.

"काय रे अ‍ॅटली, लिलावात घोडी घेतलीस की पुतळा?"

"दम खातेय."

"दम खातेय? मघापासून बॉब-डॅनचा दम खाऊन, पचवून झाला. ट्रॅक्टरला दम खावा लागत नाही, एवढं लक्षात ठेव."

हा ट्रॅक्टरचा विषय त्या वसंतात आमच्याकडे घरोघरी होता. गोठ्याशी उभा करून, पट्टा लावून चारा कापायला ट्रॅक्टर आमच्याकडे पूर्वीपासून चालतो. शेतात मात्र घोडेच. व्हर्ननचे म्हणणे, जो दारात चालतो तो बांधाच्या आत गेला तर काय बिघडते? हा प्रश्न त्याने बिशपपुढे रीतसर ठेवला होता. प्रभुभोजनाच्या विधीआधी आमच्याकडे मसलतीचा रविवार असतो. मंडळीत नियम काय असावेत ते त्या दिवशी सांगतात, आणि मग मंडळीचे दोन सेवक बाकांमधून फिरून प्रत्येकाला, बायकांनाही, विचारतात, की तुला हे मान्य आहे का? सगळ्यांचे मन एक झाले तरच नवी गोष्ट होते. त्या रविवारी ट्रॅक्टरचे ठरणार होते, आणि बहुतेकांनी व्हर्ननला विरोध करायचा नाही असे ठरवून टाकले होते. राहिले होते अ‍ॅटलीसारखे थोडे.

"माझा पोरगा महलॉन बघ," कुंपणावर कोपर टेकून व्हर्नन म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "पहाटे डबा घेतो आणि फर्निचरच्या कारखान्यात जातो. घोड्यांच्या कामात त्याचा हात माझ्यापेक्षा हलका. पण माझ्या जमिनीत दोन संसार बसत नाहीत. इकडे रोमनची जमीन नुसती क्लोव्हरचं गवत वाढवत पडलीय. त्यांच्यामागे ड्रुसिला आजी एकटी काय करणार? ट्रॅक्टर असला तर मी दोन्ही शेतं बघेन, महलॉन घरी राहील."

"आणि रोमनच्या घरात कोण राहील?"

"घराला काय झालंय? घर राहील उभं."

व्हर्ननचे दुखणे खोटे नव्हते. पण एका शेताने दुसरे पोटात घेतले की तिसऱ्याचे काय, हे अ‍ॅटलीच्या मनात घड्याळाच्या सैल दात्यासारखे अडकून बसले. त्याने जूडीकडे पाहिले.

"हे बघ व्हर्नन, ही का थांबते ते मला मसलतीच्या आत कळलं, आणि ही चालायला लागली, तर माझं 'नाही' धर. नाही कळलं तर ही लिलावात परत जाईल, आणि मी 'हो' म्हणेन. तीन घोड्यांचं काम दोघांवर मला झेपायचं नाही."

"ठरलं," व्हर्नन म्हणाला.

न चालणारी घोडी लिलावात कोण घेतो आणि त्याचा ट्रक कुठल्या कत्तलखान्यात जातो, हे दोघांनाही माहीत होते.

मग अ‍ॅटलीने घोडीचे घड्याळ उघडले. गळपट्टा काढून खांदे तपासले; कुठे चट्टा नाही. खूर उचलून पाहिले. दात पाहिले. साज बदलला. तिला मधे जुंपले, मग कडेला, मग तासात चालणाऱ्या बाजूला. बांधावर ओट्सची बादली दाखवली. तिने मान लांबवून ओट्स खाल्ले, आभार मानल्यासारखी फुरफुरली आणि उभी राहिली. खालच्या बांधावर थांबवले तर तिथेही तेच.

"तिला विचारलंस का?" त्याची बायको सलोमा म्हणाली. ती शेतात पुदिन्याचा चहा घेऊन आली होती.

"कसं विचारू?"

"मला जसं कधी विचारत नाहीस, तसंच." ती किटली ठेवून हसत निघून गेली.

एका दुपारी मात्र नवल झाले. अ‍ॅटली बांधावर नांगर थांबवून बैठकीवरच हताश बसला होता. खालून, ओसरीवरून, सलोमाने हाक मारली. दरीतून हाक पोचवायची म्हणून आमच्या बायका ती लांबवतात, वर चढवतात आणि शेवटी खाली सोडतात, तशी: "अ‍ॅटली, आलाय रे व्हर्नन बार्कमन." आणि जूडी निघाली. बॉब-डॅनला सावरायच्या आत नांगर हलला, आणि अ‍ॅटली बैठकीवरून मागे मऊ मातीत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने सलोमाला ओसरीवर उभे केले आणि ओरडायला लावले. "अ‍ॅटली, जेवायला चल." जूडीने जांभई दिली. "अ‍ॅटली, गाय सुटली." काही नाही. "अ‍ॅटली, मला धुणं धुवायचंय, आता मी आत जातेय." अ‍ॅटलीने ठरवले, की काल घोडी हाकेने दचकली असेल आणि आज सरावली असेल. ज्याला घड्याळाचा केसाएवढा दोष दिसायचा, त्याच्या ध्यानात तेवढी एक गोष्ट आली नाही. असो. माणूस देवाने तसाच केला आहे.

मसलतीचा रविवार आठवड्यावर आला तेव्हा तो ओढा ओलांडून रोमनच्या विधवेकडे, ड्रुसिला आजीकडे गेला. मोठे घर बंद ठेवून ती मागच्या लहान घरात राहत होती. टेबलभर शेवया वाळत घातलेल्या, आणि चुलीवर सूप.

"आजी, जूडीला निघायला सांगताना रोमन काय म्हणायचे?"

"काय म्हणायचे?" आजी शेवया उलटत म्हणाली. "अरे, ते तिला अख्खं प्रवचन द्यायचे."

"प्रवचन?"

"मी इथून ऐकायची ना. शब्द नाही यायचे, चाल यायची वाऱ्यावर. रविवारची जी चाल, तीच. वर चढायची, टांगून राहायची, मग अशी पायरी पायरी उतरायची. उतरली की मी म्हणायची, आता निघाले घोडे. अगं बाई, सूप." आणि ती चुलीकडे धावली.

अ‍ॅटली उभ्या उभ्या थिजला. का, ते सांगतो. आमच्याकडे उपदेशक चिठ्ठीने निवडतात. ज्याच्या हातातल्या पुस्तकात चिठ्ठी निघेल त्याने त्या दिवसापासून उठायचे आणि बोलायचे. कागद आणायचा नाही, घरी घोकायचे नाही. रिकाम्या हाताने उभे राहायचे आणि देव देईल ते सांगायचे. सराव म्हणजे स्वतःच्या अकलेवर भरवसा. आणि रोमन काइम म्हणजे, काय सांगू तुम्हाला, त्यांचे प्रवचन ऐकताना पाठ नसलेल्या बाकावर तीन तास कसे गेले ते पाठीला कळत नसे. आधी बोलणे, मग बोलण्याला लागलेला सूर, मग नुसता सूर आणि त्यावर तरंगत आलेले शब्द. भिंतीकडच्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या ओल्या व्हायच्या. सगळे म्हणायचे, हे रोमनचे नव्हे, हे वरून येते.

आणि ते वरून नव्हे, तर बांधावरून येत होते? घोड्यांपुढे घोकून?

अ‍ॅटली सूप न पिताच परतला. हे गुपित त्याने सलोमालाही सांगितले नाही. पण चौकसपणा गप्प बसू देईना. दुसऱ्या दिवशी बांधावर, आजूबाजूला कुणी नाही असे बघून, त्याने घसा साफ केला आणि नोहाची गोष्ट त्या चालीवर म्हणायला लागला. गालावर रक्त चढले. पण जूडीचे कान असे फिरले, की त्याच्या अंगावर काटा आला. तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. ओळखीचा सूर होता तो तिच्या. अ‍ॅटलीने नोहा संपवला, अब्राहाम घेतला, इसहाक घेतला. जूडी ऐकत होती. निघत नव्हती.

म्हणजे चाल बरोबर, प्रवचन चुकीचे, असे त्याने ताडले. म्हणजे रोमनचे ठरलेले एक प्रवचन होते. म्हणजे शंकाच उरली नाही. त्या आठवड्यात तो जेवला नाही म्हटले तरी चालेल. बिशपला सांगावे, तर मेलेल्या माणसाच्या नावाला डाग. न सांगावे, तर आपणही त्या लबाडीत सामील. आणि सगळ्यात वाईट, त्या चालीने म्हणताना त्याला फार बरे वाटले होते.

शनिवारी दुपारी, मसलतीच्या आदल्या दिवशी, ड्रुसिला आजी स्वतःच बग्गी हाकत त्याच्या बांधावर आली. मांडीवर वाळवलेल्या सफरचंदांचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी होती.

"त्या दिवशी तू माझं सूप टाकून पळालास. एवढं वाईट करते मी?" तिने जूडीच्या नाकावर हात फिरवला. घोडीने तिच्या टोपीत तोंड खुपसले. "काय झालंय तुला? आजारी दिसतोस."

अ‍ॅटलीने टोपी काढली, पुन्हा घातली. "आजी, एक विचारतो. रोमन प्रवचनाचा सराव करायचे का?"

आजीने उपडी पडलेली बादली ओढली, तिच्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून पुसला.

"सराव? रोमन? अरे, त्यांना दुकानातून मीठ आण म्हटलं तर ते यीस्ट घेऊन यायचे. पाठ करणार म्हणे. आणि हे तू आठवडाभर पोटात घेऊन फिरलास?"

"हो."

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर उद्या मंडळीपुढे माझ्या नवऱ्याला घड्याळासारखा उघडून बसला असतास." ती गंभीर झाली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल. चूक माझीच, मी पुरतं बोलले नाही. एकदा मी असाच सफरचंदांचा पाय घेऊन वर गेले होते. रासबेरीच्या कुंपणाआड उभी राहिले, म्हटलं, संपू दे. तेव्हा शब्द ऐकले. नावं होती ती अ‍ॅटली. नुसती घरांची नावं. त्या बांधावरून दरीतली सगळी धुरांडी दिसतात. घोडे दम खाईपर्यंत ते एकेका धुरांड्याकडे बघून त्या घराचं नाव देवाच्या कानावर घालायचे, आणि त्या घरी जे काही चाललं असेल ते. श्लाबाखांच्या सलोमाचा पाय मोडलाय, नीट जुळू दे. असं. दुसरं काय येणार होतं त्यांना?"

सलोमाचा पाय मोडला त्याला बरीच वर्षे झाली होती. अ‍ॅटलीने दरीकडे तोंड फिरवले.

तेवढ्यात कुंपण ओलांडून व्हर्नन आला. "उद्या मसलत आहे, अ‍ॅटली. उत्तर घ्यायला आलो. आजी, तुम्ही इथे? पायच्या वासानं मला आणलं म्हणायला हरकत नाही."

"बस," आजी म्हणाली. "अ‍ॅटली घोडी चालवून दाखवतोय."

व्हर्ननच्या समोर. अ‍ॅटलीला वाटले, जमीन फाटेल तर बरे. पण कळल्याशिवाय राहणारा तो नव्हता. त्याने लगाम हातात घेतले, घसा साफ केला आणि डावीकडच्या टोकापासून सुरुवात केली. डावीकडे पहिले धुरांडे व्हर्ननचेच. तो माणूस शेजारी उभा. लाजेने त्याने ते नाव ओठांतल्या ओठांत घाईने घेतले. जूडीने एक पाऊल टाकले. मग पुढचे नाव आले, रेबरांचे, आणि ती गोंधळून पुन्हा थांबली. मग कोब्लेंट्झ. मग ट्रॉयर, उजवीकडचे शेवटचे. चाल उतरली. जूडी उभी.

"सुंदर झालं," व्हर्नन म्हणाला. "पुतळ्याला आवडलं नाही."

पण अ‍ॅटलीचे डोळे घोडीच्या पुढच्या खुरावर होते. एक पाऊल. एकच. कुठल्या नावाला? आणि सलोमाची ती लांबवलेली हाक त्याला एकदम ऐकू आली, वर चढलेली आणि शेवटी खाली सोडलेली. त्याने समोरच्या टेकडीकडे पाहिले, रोमनच्या बांधाकडे. तिथे उभ्या माणसाला जे डावीकडे, ते त्याला उजवीकडे.

"उलट," तो स्वतःशीच म्हणाला. "मी उलट्या टोकाने सुरू केलं."

त्याने पुन्हा सुरुवात केली, आता उजवीकडून. ट्रॉयरांच्या घरी म्हातारीचे डोळे अधू झालेत, तिला दिसत राहो. चाल चढली. कोब्लेंट्झ दोघेच आहेत, त्यांना लेकीचं पत्र येवो. रेबरांच्या बाळाला खोकला आहे. जिथे रोमन त्याचे, श्लाबाखचे, नाव घेत असतील तिथे त्याने ड्रुसिला आजीचे घेतले; तिच्या लहान घराला सोबत मिळो. आजीने मान खाली घातली. सूर आता टांगून राहिला होता, आणि एकच धुरांडे उरले होते.

ते नाव त्याला येईना. ज्याला उद्या 'नाही' म्हणायचे त्याच्यासाठी देवाकडे काय मागायचे? बॉबने पाय आपटला. जूडीचे दोन्ही कान मागे, ताठ. व्हर्ननचा चेहरा गंमत बघणाऱ्याचा राहिला नव्हता.

"आणि व्हर्नन बार्कमन," अ‍ॅटली म्हणाला, अगदी खालच्या पायरीवर येत, "त्याचा महलॉन घरच्या मातीत राहो, व्हर्नन बार्कमन."

जूडीने मान खाली घातली आणि निघाली. बॉब-डॅन घाईघाईने तिला मिळाले, फाळ मातीत शिरला, आणि अ‍ॅटली बैठकीवर उडी मारून चढला म्हणून बरे, नाहीतर पुन्हा मातीतच बसता. तास उताराला लागला. मागे वळून बघायची सोय नव्हती, म्हणून बांधावर पुढे काय झाले ते त्याने नंतर आजीच्या तोंडून ऐकले.

आजीने व्हर्ननच्या हातात पायचा तुकडा दिला. तो म्हणाला, "आजी, माझं नाव शेवटी का? टोकाला घर म्हणून?"

"ते एक. आणि दुसरं तुला माहीत आहे."

"कुंपणाचा वाद."

"तुझ्या गाई त्यांच्या मक्यात शिरल्या, तेव्हापासून. ते नाव त्यांच्या तोंडातून सहज यायचं नाही. म्हणून त्यांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं. ते घेतल्याशिवाय घोडे हाकायचे नाहीत, असं बंधन स्वतःलाच घालून घेतलं होतं. कधी कधी एवढा वेळ लागायचा, की मी खाली म्हणायची, आज बार्कमनवर अडलेत. घोड्यांचा घाम वाळून जायचा."

"पण तो वाद मिटला होता. त्यांनीच येऊन माझ्याबरोबर कुंपण बांधलं. दिवसभर खांब धरून उभे होते."

"मिटला रे. मिटल्यावर त्यांनी तुला पहिला घ्यायचं ठरवलं. पण जूडी ऐकेना. तिला तूच शेवटी लागायचास."

व्हर्नन हसला म्हणे, पण ते हसणे अर्ध्यावर राहिले. तो दरीकडे बघत उभा राहिला. घरोघरी संध्याकाळच्या चुली पेटत होत्या आणि धूर सरळ वर चढत होता. रोमनच्या मोठ्या घराच्या धुरांड्यावर काही नव्हते. पायचा तुकडा हातात तसाच धरून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मसलत. सकाळपासून बाकांवर बसलेली माणसे, आळीपाळीने उठून शेंगदाण्याचे गोड लोणी आणि पाव खाऊन परत येणारी. दुपार कलल्यावर बिशपने ट्रॅक्टरचा प्रश्न सांगितला आणि दोन सेवक फिरू लागले. वडीलधारी आधी. अ‍ॅटली मागच्या बाकावर आपले एक 'नाही' तोंडात धरून बसला होता. मंडळीत त्याने आजवर हा शब्द उच्चारला नव्हता. सेवक व्हर्ननपाशी आले. ज्याने प्रश्न आणला त्याला विचारायचे ते केवळ रीत म्हणून.

व्हर्नन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. सेवक वाट बघत उभे राहिले. बाकांवर माना वळू लागल्या. अ‍ॅटलीला उगाचच वाटले, की कुठेतरी कान मागे करून एक घोडी उभी आहे.

"प्रश्न चुकीचा नाही," व्हर्नन शेवटी म्हणाला. "पण यंदा राहू द्या. आधी रोमनच्या घरात कुणीतरी चूल पेटवू दे. मग मला विचारा."

सेवक पुढे सरकले. अ‍ॅटलीपाशी आले तेव्हा त्याच्याजवळ म्हणण्यासारखे एवढेच उरले होते, "व्हर्नन म्हणाला ते मला मान्य आहे." तेही त्याने इतक्या हळू म्हटले, की सेवकाने पुन्हा विचारले.

म्हणून महलॉनचे सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. तो अजून पहाटे डबा घेऊन जातो. फक्त शनिवारी रोमनच्या शेतात बापाच्या घोड्यांनी नांगरताना दिसतो. ट्रॅक्टरचा प्रश्न शरदात पुन्हा आला आणि पुन्हा राहिला. तो येत राहणार, कारण दुखणे खरे आहे. पण नांगरणीच्या दिवसांत जूडी वरच्या बांधावर थांबली की कुंपणापलीकडे व्हर्ननही आपले काम सोडून उभा राहतो. हात पुसतो, इकडे-तिकडे बघतो, आणि आपले नाव येईपर्यंत जात नाही. अ‍ॅटली तेवढे एकच लाजत नाही. त्याचा सूर रोमनसारखा नाही, मधेच फाटतो. जूडीची त्याबद्दल तक्रार नाही.

आता माझे मागणे. तुम्हीही कुठे ना कुठे दम खायला थांबताच. विहिरीवर, जिन्यात, कामाच्या मध्ये. तेव्हा दिसतील तेवढ्या घरांची नावे घ्या, आणि जे ओठांवर यायला जड जाते ते शेवटी घ्या, पण घेतल्याशिवाय निघू नका. आणि निघताना एकदा रोमन काइमची आठवण काढा. त्यांचे सगळ्यात चांगले प्रवचन आम्ही कुणी बाकावर बसून ऐकले नाही. ते घोड्यांनी ऐकले.